शिवराई आणि भोकाचा पैसा: दोन्ही जुने, पण पुरावस्तू एकच

पुण्याच्या जुन्या बाजारात फडक्यावर मांडलेल्या नाण्यांच्या ढिगात शिवराई (शिवकाळात सुरू झालेलं तांब्याचं नाणं) आणि भोकाचा पैसा शेजारी शेजारी पडलेले दिसतात. दोन्ही काळपट, दोन्ही झिजलेले, आणि विकणारा दोन्हींना 'जुनं नाणं'च म्हणतो. कायदा मात्र तसं मानत नाही. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा ही फक्त जुनी वस्तू आहे, तर शिवराई ही पुरावस्तू. घेऊन नफ्याने विकणाऱ्याला हा फरक ठाऊक हवाच.

१९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्याची कसोटी वयाची: नाणं, मूर्ती, चित्र, कोरीव काम किमान १०० वर्षांचं असलं की ते पुरावस्तू. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. इथे बहुतेकांचा घोळ होतो, कारण किमतीचा या व्याख्येशी काही संबंध नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ आणि महाग, पण पुरावस्तू नाही. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा झिजलेला पाव आणा किरकोळ पैशांत मिळतो, तरी तो पुरावस्तू. शिवाय ही रेषा दर वर्षी पुढे सरकते. आज कपाटात ठेवलेला माल काही वर्षांनी दुसऱ्या रकान्यात गेलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

पुरावस्तू बाळगणं गुन्हा नाही, विकणंही नाही. परवाना लागतो तो विक्रीच्या *व्यवसायाला*. आजोबांच्या डब्यातली चार नाणी एकदा विकणं वेगळं, आणि दर आठवड्याला घेऊन दर आठवड्याला विकणं वेगळं. 'मी तर फक्त छंद म्हणून करतो' हे वाक्य खरेदी-विक्रीच्या नोंदींपुढे फार वेळ टिकत नाही. परवानाधारकाला नोंदवही आणि छायाचित्रं ठेवावी लागतात. विनापरवाना धंद्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि माल जप्त. मूर्ती, चित्रं आणि सचित्र पोथ्यांच्या बाबतीत आणखी एक पायरी असते: त्यांची नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

परदेशाचा नियम याहून कडक आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, पाठवताही येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला दिलेली भेट असली तरी नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. जुन्या धाटणीची समई किंवा घंगाळ न्यायचं असेल आणि ते १०० वर्षांच्या आतलं असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घ्यावा. विमानतळावर तोंडी खुलासा करून भागत नाही.

'शेतात नांगरताना सापडलं' हे बाजारातलं लाडकं वाक्य. अस्सलपणाचा पुरावा म्हणून ते ऐकवलं जातं. ते खोटं असेल तर माल बहुधा बनावट. खरं असेल तर १८७८ चा भूमिगत धन कायदा लागू होतो. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर ते काय आहे, कुठे आणि कधी मिळालं, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा हे वाक्य कानावर पडलं की हात मागे घ्यावा.

बनावट शिवराई ओतीव असते. कडेवर साच्याचा सांधा, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. सगळ्यात पक्की खूण म्हणजे दोन नाण्यांवर तंतोतंत त्याच जागी तोच ओरखडा. चिंचेने किंवा लिंबाने घासून चकचकीत केलेलं नाणं अस्सल असलं तरी घेऊ नये. गडद थर गेला की जाणकार गिऱ्हाईकही गेलं. प्रतिकृती विकण्यात गैर काही नाही, पण बिलावर 'प्रतिकृती' लिहिलेलं हवं.

नफ्याचं काय? भंगाराच्या भावात घेतलेलं नाणं दसपट दराने विकणं बेकायदा नाही. करार कायद्याच्या (१८७२) कलम १७ नुसार नुसतं गप्प बसणं ही फसवणूक ठरत नाही, जोवर बोलणं हे तुमचं कर्तव्य नाही. आमच्या मते खरी रेषा इथेच आहे. दुकानदाराने स्वतः ठरवलेल्या भावाला घेतलं, तर ते तुमचं ज्ञान आणि तुमचा नफा. पण शेजारच्या आजी डबा उघडून 'बाळा, याचे किती येतील?' असं विचारतात, तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक नसता, सल्लागार असता. तिथे मुद्दाम कमी आकडा सांगून स्वतःच घेणं ही फसवणूकच.

पुरावस्तू नसलेला माल मोकळा आहे, असंही समजू नये. हस्तिदंती डबी विकता येत नाही, कारण तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो. ७८६ आकड्याच्या नोटेला लाखो रुपये देऊ म्हणणारे आधी 'नोंदणी शुल्क' मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. आणि नोटाबंदीतल्या ५०० आणि १००० च्या नोटांना २०१७ च्या कायद्याने मर्यादा घातली: एरवी एकूण १०, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी २५. त्याहून जास्त सापडल्या तर दंड १०,००० रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांत जे जास्त असेल ते.