स्वनिर्मित विमानातील बॅटरी व राखीव वीज

हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या लहान विमानात अल्टरनेटर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारे यंत्र) बंद पडल्यावर उपकरणे, रेडिओ आणि पुष्कळदा खुद्द इंजिन चालू ठेवणारी व्यवस्था. असे विमान बांधण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला घडले. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोतून मिळत होती. मॅग्नेटो स्वतःच फिरून वीज बनवतो, त्यामुळे तसले इंजिन बॅटरीवाचून चालत राहते. आजच्या स्वनिर्मित विमानांत मात्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इंधन फवारणी आणि विजेचा पंप ही जोडणी वाढली आहे. तिथे वीज गेली की इंजिनच बंद पडते. म्हणून ‘बॅटरी केवढी?’ यापेक्षा ‘बॅटरीवर किती मिनिटे, आणि तेवढ्यात कुठवर?’ हा प्रश्न आधी विचारावा.

कोकणात या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. जुहू ते रत्नागिरी हवाई अंतर सुमारे 240 किमी. ताशी 180 किमी वेगाच्या विमानाचा अल्टरनेटर श्रीवर्धनच्या आसपास गेला, तर दोन्ही धावपट्ट्या 40 मिनिटांवर राहतात. नवी मुंबईचा विमानतळ धरला तरी 35 मिनिटांच्या आसपास. रत्नागिरीहून पुढे चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) आणखी 115 किमी. खाली खाड्या, माडाच्या बागा आणि कातळाचे सडे. सडा वरून सपाट दिसतो, पण त्यावर गडगे (दगड रचून केलेले बांध) असतात. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ओहोटीलाच मोकळी मिळते. कारखान्यात बनलेल्या लहान विमानांसाठी अमेरिकी नियमांत अर्ध्या तासाची राखीव वीज हा जुना दंडक आहे. या किनाऱ्यावर तो अपुरा पडतो. किमान एक तास धरावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हिशेब असा करतात. समजा, पंपाला 5, इंजिनच्या संगणकाला व इग्निशनला 3, उपकरणांचा पडदा (डिस्प्ले) आणि रेडिओला मिळून 2 अँपिअर लागतात, एकूण 10. 17 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1.7 तास चालते. पण तो आकडा 20 तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. भार वाढला की क्षमता घटते, आणि बॅटरी जुनी असेल तर हाती जेमतेम तास उरतो. दिवे, चार्जिंग वगैरे चालूच राहिले, तर त्याचाही निम्मा. यासाठी अत्यावश्यक उपकरणांची वेगळी बस (वीज वाटणारी पट्टी) ठेवून तिला डायोडमार्फत (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि स्वतंत्र स्विचने असे दोन्हीकडून पुरवठा देतात. व्होल्टेज 13 च्या खाली येताच पेटणारा लाल दिवा हवाच, कारण बिघाड लक्षात न आलेली प्रत्येक मिनिट राखीव साठ्यातून जाते.

एवढ्या क्षमतेची शिसे-आम्ल प्रकारातील एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) सुमारे 7 किलोची. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच्या निम्म्याहूनही हलकी. मात्र ‘17 च्या तोडीची’ म्हणून विकली जाणारी लिथियम बॅटरी स्टार्टर फिरवण्यात तोडीची असते, साठ्यात असेलच असे नाही. शिवाय तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहून एकदम कोसळते, त्यामुळे किती उरली ते मीटरवरून कळत नाही. अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून ते चढले, तर अल्टरनेटर तोडणारे संरक्षण दोन्ही प्रकारांना लागते. दुसरी बॅटरी बसवल्यास ती डायोडने विलग असावी, नाहीतर एकीतला शॉर्ट दुसरीलाही रिकामी करतो. लांबच्या प्रवासाला लहानसा दुसरा अल्टरनेटर अधिक भरवशाचा, कारण तो इंधन असेपर्यंत वीज देतो.

खारा वारा बॅटरीपेक्षा जोडांना आधी खातो. तांब्याचे थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची कडी) ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर आवळले आणि मध्ये खारट ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी साचते. तांब्यावर हिरवट थर चढतो. बाहेरून नट घट्टच लागतो. अशा जोडात एक शतांश ओहमचा रोध आला, तरी 200 अँपिअरच्या स्टार्टरपाशी 2 व्होल्ट वाया जातात. स्टार्टर फिरताना इंजिनचा ठोकळा आणि बॅटरीची ऋण बाजू यांत मीटर धरावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर जोड उघडून घासून, कथील मुलाम्याचे थिंबल लावून वर ग्रीस द्यावे. मच्छीमार होडीवर बॅटरी सांभाळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

जून ते सप्टेंबर विमान शेडमध्ये राहते. घड्याळासारखे बारीक भार बॅटरी उतरवतात आणि उतरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते. ऋण तार काढून ठेवावी, महिन्यातून एकदा चार्ज करावे. पावसाळा सरल्यावर पहिल्या उड्डाणाआधी प्रत्यक्ष भार लावून बॅटरी किती मिनिटे टिकते ते घड्याळ लावून मोजावे, आणि तो आकडा पॅनेलवर चिकटवावा.