१६१० ते १८५२ मिलिमीटर: पोर्श ९११ रुंद का होत गेली

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शने जी गाडी दाखवली (तेव्हा तिचे नाव ९०१ होते), तिची रुंदी १६१० मिलिमीटर होती आणि वजन सुमारे १०८० किलो. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ९९२ पिढीची ९११ कॅरेरा एस १८५२ मिलिमीटर रुंद आणि १५१५ किलो वजनाची. म्हणजे ५५ वर्षांत रुंदी २४ सेंटिमीटरने वाढली आणि वजन ४३५ किलोने. इंजिन मात्र दोन्हींत मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. एकच गाडी, एकच मांडणी, त्यामुळे वजन आणि रुंदी गाडीच्या चालीशी नेमके काय करतात हे पाहायला ९११ इतके चांगले उदाहरण दुसरे सापडत नाही.

आधी हिशेब. वळणात गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. एक जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) जोराच्या वळणात हा सरकणारा भार म्हणजे गाडीचे वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, म्हणजेच ट्रॅक. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर आणि ट्रॅक १.४ मीटर असेल तर ३२१ किलो भार सरकतो. ट्रॅक १.६ मीटर केला की तो २८१ किलोवर येतो. याचे महत्त्व टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून बाहेरच्या टायरने जेवढी पकड कमावली त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावलेली असते. भार जितका कमी सरकेल तितकी चारही चाकांची एकूण पकड जास्त. रुंदीचा खरा फायदा हा एवढाच.

आता त्याच १.६ मीटर ट्रॅकवर १५०० किलोची गाडी ठेवा. सरकणारा भार ४२२ किलो होतो. प्रमाण तेच २८ टक्के राहिले, पण बाहेरच्या टायरवर पडणारे ओझे दीडपट झाले. तेवढीच पकड हवी तर टायर मोठा हवा. मोठ्या टायरला मोठे मडगार्ड, मोठी रिम, मोठा ब्रेक आणि जाड सस्पेन्शन आर्म लागतो, आणि या सगळ्याचे पुन्हा वजन. ९११ चा इतिहास हा बऱ्याच अंशी या साखळीचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या ९११ ला १६५ मिलिमीटरचे अरुंद टायर होते, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) फक्त २२११ मिलिमीटर, आणि मागे टांगलेले सहा सिलिंडरचे इंजिन. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे जाई, मागचे टायर हलके पडत आणि गाडीचे शेपूट बाहेर फिरे. पुढचे टोक सरळ रस्त्यावरही अस्थिर वाटे. पोर्शने काही काळ पुढच्या बंपरच्या आत दोन्ही टोकांना सुमारे ११-११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवले. वजनाबद्दल काटेकोर असलेल्या कंपनीने स्पोर्ट्स कारमध्ये मुद्दाम २२ किलो बीड घालावे, यावरून अडचण किती गंभीर होती ते समजते. ठोकळे बंपरच्या टोकांना ठेवण्यालाही कारण होते: गाडीच्या मध्यापासून जितके दूर, तितका त्यांचा तोल साधण्यातला वाटा मोठा. पण दूरचे वजन गाडीला वळायला आणि वळण थांबवायलाही आळशी बनवते. हा तात्पुरता उपाय होता.

खरा उपाय १९६९ च्या मॉडेलवर आला. इंजिन जागेवर ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली, व्हीलबेस २२६८ झाला. इंजिनाचे क्रँककेस (बाहेरचे कवच) तोवर हलक्या मॅग्नेशियमचे झाले होते. एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या चाकांच्याही पुढे, डावी-उजवीकडे बसवल्या. तोल सावरला, आणि तोही निरुपयोगी लोखंड न घालता. मला तरी हा टप्पा ९११ च्या साऱ्या इतिहासातला सर्वांत हुशारीचा वाटतो. गाडी फारशी रुंद झाली नाही, पण वागायला कितीतरी शहाणी झाली.

वजनाचा परिणाम कागदावर स्पष्ट दिसावा अशी तुलना १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ने करून ठेवली आहे. इंजिन तेच, २१० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). स्पोर्ट रूपात गाडी ९६० किलोची, टूरिंग रूपात १०७५ किलोची. स्पोर्टमध्ये मागची सीट नाही, दार ओढायला चामडी पट्टा, आतले अस्तर जेमतेम. ११५ किलोंच्या या फरकामुळे शून्य ते शंभरची वेळ ५.८ वरून ६.३ सेकंदांवर गेली. कमाल वेग मात्र २४५ वरून २४० इतकाच उतरला, कारण वरच्या वेगात झगडा वजनाशी कमी आणि हवेशी जास्त असतो. याच गाडीने ९११ मध्ये पहिल्यांदा पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर आणले: पुढे १८५, मागे २१५. मागची मडगार्डे फुगली आणि गाडी १६५२ मिलिमीटर झाली. मागे जास्त रबर दिल्याने शेपूट बाहेर जाण्याआधी पुढची चाके घसरू लागतात, म्हणजे अंडरस्टिअर येतो, आणि सामान्य चालकासाठी तोच सुरक्षित.

त्यानंतर १९७४ मध्ये ९११ टर्बो आली: २६० पीएस, ११४० किलो, रुंदी १७७५ मिलिमीटर. तीन वर्षांनी तिचे ३.३ लिटरचे रूप आले, ३०० पीएस आणि १३०० किलो. बलवान इंजिनाला इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि शर्यतीच्या ९१७ गाडीवरून घेतलेले ब्रेक लागले. टर्बोची फुगीर मागची बाजू लोकांना इतकी आवडली की रुंदी हेच ताकदीचे चिन्ह ठरले. ते आजही तसेच आहे, आणि त्यात अभियांत्रिकीपेक्षा विक्रीचा वाटा कमी नाही.

पुढची वाढ वेगळ्या कारणांनी झाली. १९९७ ची ९९६ पिढी पाण्याने थंड होणारी, रुंदी १७६५. पुढच्या चाकांसमोर रेडिएटर आले. त्याच दशकात युरोपात बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. दारात मजबुतीची तुळई, एअरबॅग, प्रवासी आणि दाराचा पत्रा यांत चिरडायला मोकळी जागा, हे सगळे रुंदीतूनच द्यावे लागते. ही वाढ योग्यच होती, तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही. २०११ च्या ९९१ मध्ये मागच्या चाकांवर चालणारी गाडी १८०८ मिलिमीटरची आणि चारही चाकांवर चालणारी १८५२ ची, असे दोन देह होते. ९९२ मध्ये अरुंद देह बंदच झाला. ९९२ च्या देहातले पोलादाचे प्रमाण ६३ वरून ३० टक्क्यांवर आणून बाकी बरेचसे अ‍ॅल्युमिनियम केले, तरी वजन वाढलेच.

याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली ब्रेकमध्ये. ताशी २०० किलोमीटर वेगावरून थांबताना १०८० किलोच्या गाडीची सुमारे १.६७ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते, १५१५ किलोच्या गाडीची २.३४. चाळीस टक्के जास्त उष्णता, प्रत्येक वेळी. दुसरी हवेत: उंची जवळपास तेवढीच असताना रुंदी १५ टक्क्यांनी वाढली की समोरून हवा कापणारे क्षेत्रफळही साधारण तितकेच वाढते. गुळगुळीत आकाराने त्याची भरपाई करावी लागते.

तिसरी किंमत रस्त्यावरची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तीन मीटरची लेन, आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर, काटकोनी वळण. बाहेरून शिरून, आत टेकून पुन्हा बाहेर निघायचे. १६१० मिलिमीटरच्या गाडीकडे सरकायला १.३९ मीटर मोकळे आहेत, तिच्या मार्गाची त्रिज्या सुमारे २५.५ मीटर होते. १८५२ च्या गाडीकडे १.१५ मीटर, त्रिज्या २४.८. एक जी पकडीत पहिली ताशी ५७ किलोमीटरने निघते, दुसरी ५६.२ ने. फरक एक किलोमीटरपेक्षाही कमी, आणि रुंद ट्रॅक व टायरांची जादा पकड तो सहज भरून काढते. पण समोरून ट्रक आला की चालकाला ते २४ सेंटिमीटर आकड्यापेक्षा फार मोठे वाटतात. रुंद शर्यतपट्टीवर रुंदी जिंकते, अरुंद डोंगरी रस्त्यावर ती चालकाला आधीच सावध करून वेग उतरवते.

दुसऱ्या टोकाला कॉलिन चॅपमन यांनी स्थापलेली लोटस कंपनी. १९६२ ची एलान ७०० किलोपेक्षा हलकी, रुंदी १४२२ मिलिमीटर. हलक्या गाडीला कडक स्प्रिंग लागत नाहीत, म्हणून ती खराब रस्त्यावरही टायर जमिनीला चिकटून ठेवी. १९९६ ची एलिस ७२५ किलोची, तिची चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची चासी फक्त ६८ किलो, आणि पुढचे टायर १८५ चे. २०१३ ची अल्फा रोमिओ ४सी वेगळा धडा देते: कोरडे (इंधन-तेलाशिवाय) वजन ८९५ किलो, पण रुंदी १८६४ मिलिमीटर, म्हणजे ९९२ पेक्षाही जास्त. वजनात एलिसची बहीण, लेनमध्ये मात्र मोठ्या सुपरकारइतकीच अडचण.

जुन्या हलक्या गाडीला रुंद टायर चढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की हवेचा दाब तोच असेल तर टायर रुंद केल्याने जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. ठसा आडवा आणि आखूड होतो, एवढेच. हलक्या गाडीत रुंद टायर पुरेसा तापत नाही, पावसात पाण्यावर लवकर तरंगतो, आणि स्टीअरिंग रस्त्याच्या चरांमागे ओढले जाते. स्पेसर (चाकामागे बसवायची चकती) लावून ट्रॅक वाढवला तर बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि बोल्टचे आटे स्पेसरच्या जाडीइतके कमी अडकतात. एम१४ × १.५ चा बोल्ट किमान नऊ-दहा फेरे बसलाच पाहिजे, नाहीतर लांब बोल्ट घ्यावा.

वजन काढतानाही कुठून काढतो ते महत्त्वाचे. ९११ मध्ये पुढच्या डिकीतली बॅटरी बदलून लिथियमची बसवली की दहा-बारा किलो सहज वाचतात, पण ते १९६० च्या दशकात जिथे बीड घालावे लागले त्याच टोकातून जातात. आधी मागचा सायलेन्सर आणि मागची काच हलकी करावी. प्रत्येक कोपऱ्यातून २५ किलो गेले आणि चाकाशी स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २५ न्यूटन असेल, तर गाडी सुमारे १० मिलिमीटर वर उठते. उंची पूर्ववत करून टो आणि कॅम्बर (चाकांचे कोन) पुन्हा लावावे लागतात. मग चार काट्यांवर, चालकाइतके वजन सीटवर ठेवून, अर्धी टाकी भरून आणि अँटी-रोल बारचे (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीचे) दुवे सोडून कोपऱ्यांचे वजन घ्यावे. कर्णावरच्या दोन चाकांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्क्यांजवळ हवी. ती ५३ असेल तर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला पुढून घसरते.

पोर्शनेही २०२३ मध्ये ९११ एस/टी काढून वजन उतरवले. बोनेट, छत, पुढची मडगार्डे आणि दारे कार्बन फायबरची, चाके मॅग्नेशियमची, मागच्या चाकांचे स्टीअरिंग काढलेले, आणि क्लच-फ्लायव्हील १०.५ किलोंनी हलके. ती १३८० किलोवर आली. २०११ ची साधी मॅन्युअल कॅरेरा, पत्र्याच्या दारांसह, तितक्याच वजनाची होती.