किडनीच्या पथ्यात मटण, चिकन आणि मासे

किडनीचा जुना आजार, म्हणजे सीकेडी, असलेल्या माणसाने नॉनव्हेज किती आणि कसं खायचं त्याचं हे पथ्य. किडनी गेली म्हणजे मटण कायमचं बंद असं आपल्याकडे धरूनच चालतात, पण ते सरसकट खरं नाही, आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर सगळं ठरतं.

प्रोटीन पचलं की युरिया तयार होतो आणि तो बाहेर काढायचं काम किडनीचं, म्हणून डायलिसिसवर नसलेल्या पेशंटला प्रोटीन मोजून देतात. २०२० च्या केडीओक्यूआय या अमेरिकन गाइडलाइनमध्ये डायबेटिस नसलेल्यांना वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.५५ ते ०.६० ग्रॅम सांगितलंय, २०२४ ची केडीआयजीओ ही आंतरराष्ट्रीय गाइडलाइन ०.८ ग्रॅमपर्यंत जाते. ६० किलोच्या माणसाला ०.६ ने ३६ ग्रॅम झाले, त्यातले चार चपात्या, वाटीभर वरण, थोडा भात आणि कपभर दूध यातच २५ च्या आसपास संपतात, मग उरतात शिजलेल्या चिकनचे दोन लहान पीस, कारण १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्येच २७ ते ३० ग्रॅम प्रोटीन असतं. वरण सोडलं तर अजून एखादा पीस, बस.

डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. त्यात अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचेच घटक, निघून जातात म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि घरचे मात्र जुनंच पथ्य चालू ठेवतात नि माणूस खंगत जातो. अशा वेळी अंड्याचं पांढरं फार कामाचं, एकात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि पोटॅशियमसारखाच आजारी किडनीला नीट बाहेर टाकता न येणारा फॉस्फरस जवळपास नाहीच, तो सगळा पिवळ्यात.

खरा घोळ रश्श्यात आहे. मटण उकळलं की पोटॅशियम, फॉस्फरस बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून टाकून फोडी वेगळ्या करायला सांगतात, आणि आपल्याकडे नेमकं तेच अळणी पाणी आजाऱ्याला ताकद येईल म्हणून वाटी भरभरून पाजतात, वर पाया सूप आहेच! तांबड्या रश्श्यात सुक्या खोबऱ्याचं पोटॅशियम अजून वेगळं. कलेजीत फॉस्फरस जास्त. ताजा मासा बेताने चालतो पण सुकट, खारा बांगडा, गोव्याचं चोरीस यात मीठ इतकं असतं की दिवसाची ५ ग्रॅमची मर्यादा तिथेच संपते. त्यावर उपाय म्हणून लो-सोडियम मीठ आणू नये, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. फ्रोजन नगेट्स, सॉसेजमध्ये बऱ्याचदा फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच एक रूप, घातलेलं असतं, ते ९० टक्क्यांपर्यंत रक्तात जातं, साध्या मांसातलं साधारण निम्मं.

रक्तातल्या ज्या क्रिएटिनिनवरून किडनीचं काम मोजतात ते शिजलेल्या मांसातही असतं, त्यामुळे रात्री मटण हाणून सकाळी रक्त दिलं तर रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं, लॅबला जायच्या आदल्या रात्री साधं जेवलेलं बरं.