ज्वारी ॲट्राझीनला का बधत नाही?

सोलापूरच्या बियाणं-औषधांच्या दुकानांत एक समज पक्का बसलाय: तणनाशकाला गवत 'ओळखू येतं', म्हणून ते तण मारतं आणि पीक सोडतं. दुसरा समज त्याच्याही वरचा. फवारणीत जे टिकलं ते पीक जीएमच, म्हणजे बाहेरचा जनुक घातलेलंच असणार! मोहोळला निवडलेली ज्वारीची जात, मालदांडी ३५-१, हे दोन्ही समज खोटे पाडते. तिच्यात बाहेरचा एकही जनुक नाही. तरी ॲट्राझीन हे तणनाशक मारलेल्या रानात ती उभी राहते आणि तिच्या बुडाशी आलेले माठ, घोळ जळतात.

औषध दोघांच्याही मुळांतून शिरतं आणि पानांत पोचतं. तिथल्या हरितलवकात डी१ नावाचं प्रथिन आहे. त्याच्या खोबणीत प्लास्टोक्विनोनचा रेणू येऊन बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे जातो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ॲट्राझीन ती खोबणी अडवतं. आता झाड उपाशी मरणार असं वाटतं, पण त्याआधीच घात होतो. ऊन पडतच असतं, हरितद्रव्य ऊर्जा घेतच असतं, आणि ती खर्चायला वाट नसल्यानं ऑक्सिजनचं एक जहाल रूप तयार होतं. तेच पेशींची पटलं फोडतं.

गंमत अशी, की ज्वारीची हरितलवकं वेगळी काढून त्यांवर ॲट्राझीन टाकलं, तर तीही बंद पडतात. म्हणजे वर्मावर घाव दोघांनाही सारखाच. ज्वारी वाचते ती औषध वर्मापर्यंत पोचण्याआधीच त्याचे दात काढते म्हणून. ॲट्राझीनच्या षट्कोनी कड्याला क्लोरीनचा एक अणू असतो. पेशीत ग्लुटाथायोन नावाची तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी असते, आणि तिच्यातल्या सिस्टीनवर गंधक असतो. ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज, म्हणजे जीएसटी, हे विकर क्लोरीन हटवून तिथे हा गंधक जोडतं. असा अवजड झालेला, पाण्यात सहज विरघळणारा रेणू खोबणीत बसत नाही; पेशी त्याला रिक्तिकेत ढकलून देते. मक्याकडे डिम्बोआ नावाचं आणखी एक द्रव्य आहे, ते विकराशिवायच क्लोरीन काढतं. ज्वारीची मुख्य भिस्त जीएसटीवर.

ॲट्राझीन बाजारात आलं १९५८ साली. जीएसटीचे जनुक त्याच्या कितीतरी आधीचे. आपल्या यकृतातही त्याच घराण्यातली विकरं काम करतात. मेटोलाक्लोर या दुसऱ्या तणनाशकापुढे मात्र ज्वारीची ही शिबंदी अपुरी पडते. म्हणून परदेशात बियाण्याला 'सेफनर' चोळतात. ते औषधाला अडवत नाही, ज्वारीच्याच जीएसटी जनुकांना जागं करतं. मला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

फवारा शेजारच्या तुरीवर उडून ती करपली की नजर लागली म्हणत बांधावर लिंबू ठेवणारे आहेत. तुरीचं ॲट्राझीनपुढे काही चालत नाही, इतकंच ते आहे. आणि 'एचटी', म्हणजे तणनाशक सोसणारी, म्हणून चोरून खपवल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीच्या पाकिटांचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. तिथलं औषध ग्लायफोसेट, आणि जनुक बाहेरून घातलेला.

तणंही स्वस्थ बसत नाहीत. १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून ॲट्राझीनच्याच कुळातल्या सिमाझीनला न जुमानणाऱ्या तणाची नोंद झाली. अशा तणांत डी१ मधल्या २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आढळलं. डीएनएतलं एकच अक्षर बदललं, एजीटीचं जीजीटी झालं, आणि औषधाची पकड सुटली. त्यापायी प्लास्टोक्विनोनचं कामही मंदावतं, त्यामुळे औषध नसलेल्या रानात असं तण बहुधा मागे पडतं. शिवाय हा जनुक हरितलवकातला, म्हणून साधारणपणे आईकडूनच मिळतो, परागांतून नाही.

मेरीलँडमधल्या एका तणाने मात्र थेट ज्वारीचीच युक्ती साधली. आपल्याकडच्या पेटारीची ती भावकी. खोबणी जशीच्या तशी ठेवून तिने जीएसटीचा जोर वाढवला. हा गुण केंद्रकातल्या जनुकाचा आहे, त्यामुळे तो परागांतूनही पुढे जातो.