‘फिट’ की ‘ॲक्चुअल साइज’? साचा छापण्याआधी एवढं बघा

आकाशकंदिलाचा सहा पानांचा साचा होता. चार पानं घरच्या प्रिंटरवर काढली, शाई संपली, म्हणून उरलेली दोन दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून आणली. फाइल तीच, कार्डशीटही तेच. कापून, घड्या घालून बाजू जोडायला बसलो, तर दुकानातल्या दोन बाजू पाच मिलिमीटर आखूड! वसुबारसेच्या रात्री अकरा वाजता मी कटरला, फूटपट्टीला आणि स्वतःला शिव्या घातल्या. चूक तिघांचीही नव्हती. घरी ‘ॲक्चुअल साइज’ निवडलेलं होतं, दुकानात ‘फिट’.

प्रिंट देताना हे दोन पर्याय शेजारी-शेजारी दिसतात आणि पडद्यावरच्या छोट्या चित्रात दोन्हीकडे पान सारखंच वाटतं. ‘ॲक्चुअल साइज’ म्हणजे फाइलमधली १० सेंमीची रेघ कागदावरही १० सेंमीच. ‘फिट’ला त्या १० सेंमीशी काही देणंघेणं नाही. साधे प्रिंटर कागदाच्या कडेला थोडी जागा कोरी सोडतात, आणि ‘फिट’ अख्खं पान उरलेल्या जागेत बसवतं. ए-फोर कागद २१० मिमी रुंद. दोन्हीकडून तीन-तीन मिमी गेले की उरले २०४, म्हणजे साधारण ९७ टक्के. माझी १८० मिमीची बाजू १७५ वर आली ती अशी. पान कागदापेक्षा लहान असेल तर ‘फिट’ ते उलट फुगवतं.

म्हणून ‘फिट’ वाईट असं नाही. रंगवायची चित्रं, रांगोळीचे नमुने, भिंतीवर लावायचं कॅलेंडर, इथे खुशाल ‘फिट’ करा. इतकंच काय, माझी सहाही पानं ‘फिट’वर निघाली असती तरी कंदील झालाच असता, फक्त किंचित लहान. सगळे भाग एकाच प्रमाणात आक्रसले तर एकमेकांत बसतातच. अडतं ते कागदाबाहेरची वस्तू आली की. झाकणातलं भोक बल्बच्या होल्डरसाठी असतं आणि होल्डर काही ९७ टक्के होत नाही. शिवणात तर हे फारच महागात पडतं. ब्लाउजचा साचा आठ-दहा पानं जोडून तयार करायचा असेल आणि ती ‘फिट’वर निघाली, तर ३६ इंचांच्या मापात इंचभराहून जास्त फरक. ट्रायलला हुक लागत नाही तेव्हा कळतं, आणि तोवर कापड कापून झालेलं असतं.

अमेरिकेतून आलेले साचे बहुधा लेटर कागदासाठी असतात, २१६ × २७९ मिमी. आपल्या ए-फोरपेक्षा ६ मिमी रुंद, पण १८ मिमी बुटके. रुंदी जास्त दिसली की हात आपोआप ‘फिट’कडे जातो. साच्याला चारी बाजूंनी अर्धा इंच समास असेल तर ‘ॲक्चुअल’वरच काढा, कापली जाईल ती कोरी कडा.

चांगल्या साच्यात एक मोजणीचा चौकोन असतो, ५ किंवा १० सेंमीचा. सगळी पानं काढण्याआधी तेवढं एकच पान साध्या कागदावर काढायचं आणि स्टीलच्या फूटपट्टीनं मोजायचं. प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं, ती असेल तर शून्याऐवजी १ सेंमीच्या खुणेपासून मोजा. आडवं आणि उभं, दोन्ही. चौकोन नसेल तर ज्या बाजूचं माप माहीत आहे ती मोजली तरी चालतं.

दुकानात जाताना साचा पीडीएफ म्हणून पेनड्राइव्हवर न्यावा. पीडीएफमध्ये पानाचं माप बरोबर जातं, इंटरनेटही लागत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या साच्याचं माप वाटेतच हरवतं, मग दुकानदार तरी काय करणार? तो कागदभर पसरवून देतो. आणि काउंटरवर ‘नीट काढा हं’ म्हणण्यापेक्षा ‘शंभर टक्क्यांवर काढा’ म्हणा.

ती दोन पानं मी पुन्हा छापलीच नाहीत. फटीवर सोनेरी लेस चिकटवली, झिरमिळ्या लावल्या आणि कंदील टांगला. खालून छान दिसत होता. समोरच्या काकूंनी मात्र विचारलंच, “लेस दोनच बाजूंना का रे?”