प्रहसनमालिकेतील सहायक अभिनेत्री : माहितीची पडताळणी

दूरचित्रवाणीवरील प्रहसनमालिकांत (स्किट-कार्यक्रमांत) मुख्य विनोदवीरांच्या जोडीने छोट्या, पुष्कळदा बिननावाच्या भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे नाव, जन्मवर्ष, कार्यकाळ, तिने काम केलेले भाग आणि भूमिका यांविषयीची विधाने चित्रफितींशी व मूळ कागदपत्रांशी ताडून पाहण्याची पद्धती. कथामालिकेत एका अभिनेत्रीला एक पात्र असते आणि त्या पात्राच्या नावावरून तिचा माग काढता येतो. प्रहसनमालिकेत हा आधार नसतो. एकाच भागात ती पत्नी, सेक्रेटरी, परिचारिका आणि दुकानातली गिऱ्हाईक होते. संहितेत या पात्रांना क्वचितच नावे असतात आणि श्रेयनामावलीत तिचे नाव एकदाच, तेही शेवटी येते.

‘सहायक’ या संज्ञेची व्याप्ती निश्चित नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत १९७० च्या दशकात विविधरंगी कार्यक्रमांतील सहायक अभिनेत्रीसाठी एक विभाग होता. त्यात १९७६ साली ‘द कॅरल बर्नेट शो’मधील व्हिकी लॉरेन्स, १९७७ साली ‘द मपेट शो’साठी रीटा मोरेनो आणि १९७८ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधील गिल्डा रॅडनर यांना पुरस्कार मिळाले. यांपैकी लॉरेन्स व रॅडनर आपापल्या संचातील कायमच्या कलाकार, तर मोरेनो एका भागाच्या पाहुण्या होत्या. सलग काम आणि एकच प्रयोग या दोहोंना तो विभाग मोकळा होता. त्यामुळे पुरस्काराच्या नोंदीवरून एखादी अभिनेत्री संचाची सदस्य होती असे अनुमान काढता येत नाही. तसे अनुमान चरित्रपर नोंदींत वारंवार आढळते.

सर्वाधिक मतभेद भागांच्या संख्येवरून होतात. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ (१९६९–७४) या बीबीसीच्या मालिकेतील कॅरल क्लीव्हलंड हे याचे बोलके उदाहरण आहे. मालिकेच्या चार पर्वांत १३, १३, १३ व ६ असे एकूण ४५ भाग झाले. लेखन व बहुतेक भूमिका सहा पुरुषांच्या संचाकडे होत्या. स्त्रीभूमिकाही बऱ्याचदा तेच करत. क्लीव्हलंड साधारण दोन-तृतीयांश भागांत दिसतात, परंतु नेमका आकडा मोजणीच्या रीतीनुसार बदलतो. सूची करणारे काही संकलक श्रेयनामावलीत नाव असलेलेच भाग धरतात, तर काही पडद्यावर दिसलेला प्रत्येक भाग धरतात. आधी चित्रित केलेला तुकडा दुसऱ्या भागात पुन्हा वापरला असेल तर तो मोजावा की नाही, यावरही एकमत नाही. पडद्यावरील उपस्थिती मोजून, श्रेय नसलेल्या भागांपुढे तशी खूण करणे ही रीत अधिक ग्राह्य वाटते. कारण श्रेयनामावली स्वतःच दर वेळी विश्वसनीय नसते. या मालिकेत तर श्रेयनामावली हाच विनोदाचा विषय होई. तिसऱ्या पर्वातील एका भागात अक्षरांची उलटापालट हा विषय असल्याने नावेही तशीच उलटसुलट अक्षरांत दाखवली आहेत. अशी अक्षरे यंत्राने वाचून केलेल्या सूचीत नाव सापडणार नाही हे उघड आहे.

‘पहिली भूमिका’ या विधानातही अशीच अडचण आहे. या मालिकेचा प्रथम प्रक्षेपित भाग ५ ऑक्टोबर १९६९ चा. मात्र १२ ऑक्टोबरला दुसरा म्हणून दाखवलेला भाग त्याच्याही आधी, ऑगस्टअखेर चित्रमुद्रित झाला होता. चित्रमुद्रणाचा क्रम धरायचा की प्रक्षेपणाचा, हे न सांगता दिलेले ‘पदार्पण’ निरर्थक ठरते. चरित्रनोंदीत दोन्ही दिनांक द्यावेत हे उत्तम. एकच द्यायचा झाल्यास प्रक्षेपणाचा द्यावा, कारण तो छापील कार्यक्रमपत्रिकेतून कोणालाही तपासता येतो.

चित्रफीतच नसेल तर काम फार बिकट होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली दोन इंच रुंदीची व्हिडिओफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकार संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा असल्याने जुन्या फिती जपण्याची निकड वाटली नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत असे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर पुसले गेले. रेडिफ्यूजन या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीच्या ‘ॲट लास्ट द १९४८ शो’ (१९६७) या मालिकेत एमी मॅक्डोनल्ड निवेदिका म्हणून प्रहसने जोडत असत. मालिकेच्या १३ भागांपैकी एके काळी दोनच शिल्लक असल्याचे मानले जाई. पुढे परदेशी प्रक्षेपणासाठी केलेली संकलने व इतर प्रती मिळत गेल्या, आणि २०१४ साली मालिकेचे निर्माते डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या संग्रहातून आणखी दोन भाग हाती आल्याचे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केले. फिती नसताना लिहिलेल्या मजकुरात अशा अभिनेत्रीचे काम एका ओळीत गुंडाळले जाई. फीत मिळाल्यावर ती ओळ दुरुस्त करणे संकलकाचे कर्तव्य आहे, आणि ते बहुधा राहून जाते ही खेदाची बाब होय.

कागदोपत्री साधनांत बीबीसीच्या दैनंदिन प्रक्षेपण-नोंदी प्रथम क्रमांकाच्या मानाव्या लागतात. प्रत्यक्ष काय प्रसारित झाले, कोणी काम केले, कोणते संगीत वाजले हे त्यांत मानधन व हक्कशुल्काच्या हिशेबासाठी टिपलेले असते. प्रसिद्धीशी त्यांचा संबंध नसल्याने छोट्या कलाकाराचे नाव गाळण्याचे कारणही नसते. या नोंदी व कलाकारांच्या करारांच्या फायली रेडिंगजवळील कॅव्हर्शम येथील लेखी अभिलेखागारात आहेत. १९२३ पासून निघणारे ‘रेडिओ टाइम्स’ हे साप्ताहिक सोयीचे आहे, आणि २००९ पर्यंतच्या त्यातील कार्यक्रमसूची २०१४ पासून आंतरजालावर शोधता येतात. तथापि तो मजकूर प्रक्षेपणापूर्वी छापलेला असतो. ऐनवेळी बदललेली अभिनेत्री त्यात नसते. अभिनेत्रीच्या स्वतःच्या आठवणी अनुभवासाठी अमोल आहेत, दिनांक व संख्येसाठी मात्र त्यांना कागदाचा दुजोरा हवा.

जन्मवर्ष हा नाजूक विषय आहे. वय कळल्याने काम जाते ही अभिनेत्रींची तक्रार जुनी असून ती निराधार नाही. एका अमेरिकन अभिनेत्रीने आयएमडीबी या चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाविरुद्ध तिचे खरे वय प्रसिद्ध केल्याबद्दल २०११ मध्ये दावा लावला. २०१३ मध्ये ज्यूरीने निकाल संकेतस्थळाच्या बाजूने दिला. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कलाकाराच्या विनंतीवरून वय काढून टाकण्याचा कायदा केला, पण संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. कायद्याने मोकळीक असली तरी हयात व्यक्तीच्या बाबतीत सरकारी नोंदवही उकरून काढण्यापेक्षा तिने स्वतः जाहीर केलेले किंवा विश्वसनीय प्रकाशनात आलेले वर्षच घ्यावे, आणि दोन वर्षे आढळल्यास दोन्ही द्यावीत.

नाव व राष्ट्रीयत्व यांतील चुका बहुधा अनुमानातून येतात. ब्रिटनमधील इक्विटी (स्थापना १९३०) या कलाकार संघटनेत एकाच व्यावसायिक नावाचे दोन सदस्य चालत नसल्याने अनेकींनी नाव बदलले. त्यामुळे जन्मनाव शोधताना भलत्याच व्यक्तीची माहिती चिकटण्याचा धोका असतो. क्लीव्हलंड यांचा जन्म १९४२ साली लंडनमध्ये झाला, बालपण अमेरिकेत गेले आणि १९६० च्या सुमारास त्या लंडनला परतल्या. उच्चारावरून किंवा शाळेवरून त्यांना अमेरिकन म्हणणे चूक आहे.

१९९० पासूनचे आयएमडीबी आणि त्यानंतरचे मुक्त ज्ञानकोश वाचकांनी भरलेले आहेत. एका ठिकाणची चूक वृत्तपत्र उचलते आणि पुढे तेच वृत्तपत्र त्या चुकीचा पुरावा म्हणून दाखवले जाते. म्हणून दोन साधने जुळली एवढ्याने भागत नाही. ती एकमेकांवरून उतरवलेली नाहीत हे त्यांच्या दिनांकांवरून पाहावे लागते.

संवाद नसलेल्या, गर्दीतून जाणाऱ्या भूमिकांना श्रेय देण्याचा प्रघात नव्हता. तेथे करारपत्र व मानधनाची नोंद हाच मुख्य पुरावा ठरतो. केवळ चेहऱ्याच्या साम्यावरून केलेली ओळख ‘संभाव्य’ अशा शेऱ्यासह वेगळी ठेवतात आणि भागांच्या बेरजेत धरत नाहीत.