अपस्मार आणि सोबतीचा कुत्रा

अपस्मार (बोलीत फिट, फेफरे, आकडी, मिरगी) असलेल्या व्यक्तीच्या घरातला कुत्रा झटक्याच्या वेळी व नंतर तिच्याजवळ थांबतो, तिला चाटतो, अंगाला अंग लावून पडून राहतो किंवा भुंकून घरच्यांना गोळा करतो. या वर्तनाबद्दल बोलताना तीन वेगळ्या प्रकारच्या कुत्र्यांची नेहमी गल्लत होते. झटका आल्यावर धोक्याचे बटण दाबणे, माणसांना बोलावणे अशी कामे शिकवलेला तो प्रतिसादी कुत्रा. झटका येण्याआधीच इशारा देणारा तो पूर्वसूचक कुत्रा. आणि काहीही न शिकवलेला, पण मालकाला एकटे न सोडणारा तो साधा घरचा कुत्रा. कौतुक होते ते दुसऱ्याचे. बहुतेक घरांत असतो मात्र तिसरा, आणि त्याच्याकडून मिळणारा दिलासा भविष्यवाणीपेक्षा जास्त भरवशाचा आहे.

सर्वांगाला येणारा झटका बहुधा एक ते तीन मिनिटांत थांबतो. बघणाऱ्याच्या दृष्टीने तिथे सगळे संपते. रुग्णाच्या दृष्टीने कठीण भाग तेव्हा सुरू होतो. डोके जड, अंग ठणकते, जीभ चावली गेलेली, कधी कपडे ओले झालेले, आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही आणि भोवती उभ्या माणसांचे चेहरे घाबरलेले. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकू शकते. या वेळी कुत्रा प्रश्न विचारत नाही, ‘गोळी चुकवली होतीस का?’ असे म्हणत नाही. तो पाठीला पाठ लावून पडतो, हात चाटतो, हाक मारली तरी जागचा हलत नाही. शुद्धीवर येताना हाताला आधी त्याची लव लागते, आणि ओळखीच्या स्पर्शावरून ‘आपण घरीच आहोत’ एवढे तरी कळते.

कुत्रा असे का करतो? लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील २०१२ च्या एका प्रयोगात १८ पैकी १५ कुत्रे रडण्याचे सोंग करणाऱ्या माणसाजवळ गेले, मग तो मालक असो वा परका. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की मालक व कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते. याला करुणा म्हणावे की शिकलेली सवय, हा वाद प्राणिवर्तनशास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. जमिनीवर पडलेल्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही.

पूर्वसूचनेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्लंडमधील शेफील्डच्या ‘सपोर्ट डॉग्ज’ या संस्थेने १९९० च्या दशकात असे कुत्रे तयार करायला सुरुवात केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात कुत्रे झटक्याच्या १५ ते ४५ मिनिटे आधी इशारा देतात असे म्हटले होते. फ्लोरिडातील २००३ च्या पाहणीचे चित्र यापेक्षा साधे आहे. ६३ रुग्णांपैकी २९ जणांकडे कुत्रा होता, ९ जणांच्या मते तो झटक्याला प्रतिसाद देई, आणि त्यातल्या तिघांच्याच मते आधी कळवी. कॅनडातील कॅलगरी येथे २००४ मध्ये अपस्मार असलेल्या मुलांच्या कुटुंबांकडून माहिती गोळा झाली. तिथल्या एका घरातला अकिटा जातीचा कुत्रा मुलीला झटक्यापूर्वी जिन्यापासून हळूच बाजूला ढकलत असे. दुसऱ्या घरातली कुत्री लहान मुलीच्या अंगावर बसून तिला उठूच देत नसे. हे सारे पालकांनी सांगितलेले, कॅमेऱ्यासमोर तपासलेले नव्हे. ‘त्याला आधीच कळलं होतं’ हे झटका येऊन गेल्यावर आठवणे सोपे असते. कुत्रा अस्वस्थ झाला आणि पुढे काहीच घडले नाही, असे दिवस कोण लक्षात ठेवतो?

ही शंका २००७ मध्ये अमेरिकी मेंदुविकारतज्ज्ञांनी उघडपणे मांडली. इशारा देणारा कुत्रा बाळगणाऱ्या काही जणांची व्हिडिओ-ईईजी तपासणी (चित्रीकरण करत मेंदूतील विद्युत् लहरींची नोंद) केल्यावर त्यांचे झटके अपस्माराचे नसून मानसिक कारणांचे असल्याचे आढळले. यामुळे त्यांचा त्रास खोटा ठरत नाही. पण कुत्रा मेंदूतली विद्युत् खळबळ ओळखतो, ही कल्पना डळमळीत होते.

कुत्र्याच्या बाजूने खरा पुरावा वासाचा आहे. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये रुग्णांच्या घामाचे व श्वासाचे नमुने पाच प्रशिक्षित कुत्र्यांना हुंगवले. तीन कुत्र्यांनी झटक्याच्या वेळचा नमुना प्रत्येक वेळी अचूक निवडला, उरलेल्या दोघांनी तीनपैकी दोनदा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२१ मध्ये १९ अप्रशिक्षित पाळीव कुत्र्यांवर असाच प्रयोग झाला आणि झटक्याशी संबंधित वास येताच सर्वांच्याच वागण्यात बदल दिसला. म्हणजे वास असतो आणि तो कुत्र्याला येतो. पण वास येणे वेगळे आणि दर वेळी न चुकता मालकाला सावध करणे वेगळे.

उपयोगाचे मोजमाप नेदरलँड्समध्ये झाले. औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र अपस्माराच्या २५ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित कुत्रा सोबत असताना झटके सरासरी ३१ टक्क्यांनी कमी झाले, जीवनमानही सुधारले. आकडा मोठा आहे, पण रुग्ण थोडे होते आणि सर्वांना सारखा फायदा झाला नाही. ताण हा अनेकांच्या झटक्यामागचा कारक असतो आणि सोबतीने ताण उतरतो, हे एक संभाव्य स्पष्टीकरण.

दुसरी बाजूही आहे. शेफील्डच्याच गटाने २००० मध्ये लिहिले, की न शिकवलेले काही कुत्रे झटका पाहून भेदरतात, पळतात, कधी आक्रमक होतात. मदतीला धावलेल्या शेजाऱ्यावरच कुत्रा गुरगुरला तर सोबतीचे संकट होते. त्याला आत कोंडायला कोणीतरी लागतेच. लहान पिल्लू आणताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. पिल्लू रात्री चार वेळा उठवते, आणि अपुरी झोप हे झटक्याचे ठळक कारण आहे. फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये. भारतात रेबीजचा मुद्दा तर टाळताच येत नाही. चावलेल्या जिभेतून रक्त येत असताना कुत्र्याने तोंड चाटले तर त्याची लाळ थेट जखमेत जाते. लस नियमित दिलेली हवी, आणि तरीही तोंडापासून त्याला दूर ठेवणेच बरे.

माणसांनी करायचे ते मात्र माणसांनीच करावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याशी आवळलेले कपडे सैल करावेत, घड्याळ बघावे. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर थेट रुग्णालय गाठावे. तोंडात चमचा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ली देणे हे महाराष्ट्रात अजून चालते. यातल्या कशानेही झटका थांबत नाही.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. आपल्याकडे गोळीपेक्षा लपवालपवी मोठी. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे विवाह रद्द ठरवण्याचे एक कारण होते. ते १९९९ च्या दुरुस्तीने वगळले गेले. स्थळ बघताना मात्र बरीच घरे ते कारण अजून लागू असल्यासारखीच वागतात. आजार कोणाला सांगायचा नाही म्हटल्यावर माणूस एकटा पडतो, आणि अशा घरात ज्याच्यापासून काहीच लपवावे लागत नाही असा एकच जण उरतो. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याने साहाय्यक कुत्र्याला दुकानात, बसमध्ये सोबत नेण्याचा हक्क मिळाला आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अपस्माराचे वेगळे नावही नाही. त्यामुळे इथला सोबती बहुतेकदा घरचा लॅब्रॅडोर, पॉमेरेनियन किंवा रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी मोतीच असतो.

अपस्मार कुत्र्यांनाही होतो, आणि त्यांना दिले जाणारे फेनोबार्बिटोन हे माणसांच्याच उपचारातले जुने औषध आहे. एकाच घरात दोघांच्या गोळ्या असतील तर डबे वेगळे ठेवावेत. मात्रा सारख्या नसतात.